जर्मन किराणा आणि आपली फजिती: अनुभव लिहा

काल इथे न्युर्नबर्गला सुपरमार्केटात ख्रिसमसच्या बेकिंगचा माल लागला होता, त्यात ते पुडकं दिसलं. हिर्शहॉर्नझाल्झ, बिस्किटं फुगवायची पूड. पहिल्या वर्षी मी शब्द फोडून वाचलेला, हिर्श हरीण, हॉर्न शिंग, झाल्झ मीठ, आणि सोबत सासूबाई, त्या म्हणाल्या ठेव आधी खाली, आपल्याकडे सोवळंओवळं आहे. पूर्वी खरंच शिंगं भट्टीत तापवून काढायचे म्हणे, आता निव्वळ कारखान्यातलं अमोनियम कार्बोनेट, हरणाचं नाव तेवढं राहिलं. तुमचे शब्द सांगा.

पावबटर: अगं हा तर आपला बेकरीतला अमोनिया!! काकाची बेकरी होती साताऱ्याला, नानकटाईत घालायचे, भट्टीचं दार उघडलं की डोळ्यांतून पाणी. चपट्या बिस्किटांनाच चालतो, तापला की सगळा वायू होऊन उडून जातो, जाड केकमध्ये घातला तर वास आतच कोंडतो. बहिणीच्या वाढदिवसाला घातला होता मी. अजून ऐकवते.

चकली_म्युनिक: नानकटाईची रेसिपी टाक ना, तूप की डालडा?

पावबटर: डालडा. तूप बेकरीला परवडतंय होय

आजोळ: आमची आजी सांबरशिंग उगाळून बरगडीला लेप लावायची ते आठवलं. आणि इंग्लंडात बायकांना चक्कर आली की हुंगायला द्यायचे ते हेच मीठ.

खारट: त्याच शेल्फवर पॉटआशं असतं बघा. पॉट भांडं, आशं राख. लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून खाली उरायचं ते. इंग्रज शास्त्रज्ञ डेव्हीने १८०७ मध्ये त्यातूनच धातू काढला आणि नाव ठेवलं पोटॅशियम. मी पापडखार संपला म्हणून उडदाच्या पापडांत घातलं, झाले की पापड, जरा लालसर तळले गेले इतकंच

चकली_म्युनिक: मी क्युमेल आणलं जिरं समजून, अर्धा किलो!! वरणाला फोडणी दिली तर घरभर भलताच वास, नवरा म्हणे औषध उकळतेस का. जिरं म्हणजे क्रॉयत्सक्युमेल. उरलेलं कुणाला हवंय का

आजोळ: कोबीच्या भाजीत घाल, तिथे शोभतं

पावबटर: सासूबाईंचं काय झालं पण?

धागाकर्ती: दर डिसेंबरला लेबकूखनचा, म्हणजे हेच मीठ घातलेल्या ख्रिसमसच्या मसालेदार बिस्किटांचा, डबा घेऊन जाते, आवडीने खातात. मी अजून बोलले नाहीये 🤐