मदत हवी आहे: सीटॅबचे धाग्यांसारखे मायसेल वर्गात कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या मुलांना पृष्ठसक्रियकांचे (साबणासारख्या पदार्थांचे) रेणू पाण्यात आपले आपण कसे जुळतात आणि त्यांचे पुंजके, म्हणजे मायसेल, कसे बनतात ते प्रात्यक्षिकात दाखवायचे आहे. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) या पृष्ठसक्रियकाचा प्रयोग नेहमीचाच: २५ अंश सेल्सिअसला संहतीनुसार काढलेला वाहकतेचा आलेख साधारण ८ मिलिमोलरला वळतो, तिथून मायसेल बनू लागतात. मला त्याच्या पुढचे दाखवायचे आहे.

सीटॅब (सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड) हा धनभारित डोक्याचा पृष्ठसक्रियक; त्याचे विरल द्रावण पाण्यासारखे वाहते. त्यात सोडियम सॅलिसिलेट घातले की ते दाटते; चंबू गरकन फिरवून थांबवला, तर आतले बुडबुडे क्षणभर उलटे सरकतात! तेवढ्याच मोलरतेचे साधे मीठ घालून हे होत नाही. माझी समज अशी: सॅलिसिलेट आयन मायसेलच्या पृष्ठभागात शिरतो, सीटॅब रेणूंच्या धनभारित डोक्यांमधले प्रतिकर्षण कमी करतो, प्रत्येक डोक्याला कमी जागा पुरते. मग संकुलन गुणांक (रेणूच्या शेपटीचे आकारमान भागिले डोक्याचे क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी) १/३ च्या वर जातो आणि गोलांऐवजी लांब, लवचिक धागे तयार होतात.

अडले आहे ते इथे. सॅलिसिलेट वाढवत नेल्यावर श्यानता (द्रावणाचा दाटपणा) चढते आणि नंतर उतरते. हे धागे आखूड झाल्यामुळे, की त्यांना फांद्या फुटल्यामुळे? आमच्याकडे रिऑमीटर (वेगवेगळ्या वेगांना श्यानता मोजणारे यंत्र) नाही, ऑस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर (बारीक नळीतून द्रव वाहायला लागणाऱ्या वेळेवरून श्यानता मोजणारा) आहे. पण ढवळण्याच्या वेगाबरोबर श्यानता बदलणाऱ्या द्रावणाला तो चालेल, की पडत्या गोळीची पद्धत बरी?

शिवाय थंडीत सकाळी सीटॅबचे स्फटिक खाली बसतात. क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली पृष्ठसक्रियक नीट विरघळत नाही ते) २५ अंशांच्या आसपास असल्याने सगळी मापने ३० अंशांवर घ्यावीत असे वाटते. कुणी केले असल्यास प्रमाणांसह सांगाल का?