मदत हवी आहे: आऊटबोर्ड वीस मिनिटं झकास चालतं, मग मान टाकतं

भरती_ओहोटी:
नमस्कार मंडळी. तीन आठवडे डोकं खाजवून झालं, आता तुमच्यापुढे मांडतो.

इंजिन आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेलं, ४० हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो, ५०:१. बोट १६ फुटी फायबरची, टाकी सुटी, २५ लिटरची.

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होतं. आयडलला घड्याळासारखं. फुल थ्रॉटलला ५२०० आरपीएम मिळतात आणि पंधरा-वीस मिनिटं कसलीही तक्रार नसते. मग अचानक कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं होतं. आरपीएम २८०० च्या आसपास येतात, इंजिन घुसमटतं, कधी पुन्हा उसळी मारतं, परत पडतं. बंद पडत नाही. थ्रॉटल कमी केला तर निमूट चालतं. पाच-दहा मिनिटं थांबलो की पुन्हा पहिल्यासारखं, जणू काही झालंच नाही!

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे. दोन्ही कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले. इंजिनवरचा फिल्टर बदलला. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी आणि तिच्यावरचा फुगा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा, रबरी) मागच्याच वर्षी घेतलेत, ते ठीक आहेत.

मेकॅनिक म्हणतो प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल गरम झाल्यावर दगा देतेय, बदलून टाका. बदलू का?

सुकाणू:
थांबा, कॉइलला हात लावू नका अजून. आधी तीन गोष्टी सांगा.

१. नक्की आरपीएम पडतात, की बोटीचा वेग पडतो आणि आरपीएम उलट वाढतात? दुसरं असेल तर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरतोय, इंजिनाचा संबंधच नाही.
२. त्या वेळी टेलटेलची, म्हणजे इंजिन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची, धार कशी असते? बझर वाजतो का? बरीच इंजिनं जास्त तापली की स्वतःहून आरपीएम खाली आणतात.
३. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो ना? हसू नका, आम्ही सगळे यात एकदा तरी फसलोय.

भरती_ओहोटी:
आरपीएमच पडतात, टॅकोमीटरवर स्पष्ट दिसतं. धार जोरदार, पाणी कोमट. बझर वाजत नाही, आणि चावी फिरवल्यावर एकदा बीप होतो म्हणजे बझर जिवंत आहे. स्क्रू उघडाच असतो. एकदा तर आख्खं झाकण सैल करून पळवलं, तरी तेच.

ठिणगी:
माझं मत कॉइल किंवा फ्लायव्हीलखालचा स्टेटर (वीज तयार करणारा भाग). गरम झालं की दगा, गार झालं की ठीक, ही इलेक्ट्रिकलचीच खूण. माझ्याकडे हुबेहूब असंच झालं होतं. किनाऱ्यावर प्लग बाहेर काढून निळी ठिणगी दिसते म्हणजे पाण्यात लोडवरही तशीच पडते असं नाही. किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणारा) दोरी आणि त्याची वायरही बघा, तिथला अर्धवट शॉर्ट फार छळतो.

सुकाणू:
ठिणगीभाऊ, शक्य आहे, पण इलेक्ट्रिकल बहुतेक वेळा एक सिलिंडर झटक्यात उडवतं. इथे घुसमट आणि उसळी आहे, मला पेट्रोल कमी पडण्याचा वास येतोय. वाद घालण्यापेक्षा तपासून टाकू.

भरतीराव, सोबत एक माणूस घ्या. तो सुकाणूवर, तुम्ही फुग्यापाशी. इंजिन पडलं रे पडलं की थ्रॉटल तसाच ठेवून फुगा दाबत राहा. दाबताना इंजिन सावरलं तर पेट्रोल पोचत नाहीये. फरक पडला नाही तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आळीपाळीने दोन्ही प्लगच्या वायरींवर लावा. इंजिन पडलेलं असताना ज्या वायरीवरचा उजेड अडखळतो, त्या सिलिंडरची ठिणगी जातेय. फ्लायव्हीलपासून हात आणि बाह्या दूर ठेवा.

आणि दाबण्याआधी फुग्याला नुसता हात लावून बघा, कडक आहे, मऊ आहे, की चपटा झालाय.

डोलकाठी:
एक सावधगिरी, आधीच सांगायला हवी होती. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, शिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. त्या अवस्थेत चाचणी दहा-पंधरा सेकंदांची ठेवा. "बघू किती वेळ ओढतंय" म्हणत चालवत राहिलात तर पिस्टन जळेल आणि मग हा धागा दुसऱ्याच विषयावर जाईल.

भरती_ओहोटी:
केलं! बरोबर अठराव्या मिनिटाला पडलं. फुगा चपटा होता, दोन्ही बाजू आत ओढलेल्या. दाबायला लागलो तर दोन-तीन दाबांत इंजिन उसळलं, ४८०० पर्यंत गेलं. सोडला की पाच-सहा सेकंदांत परत खाली. कॉइल वाचली म्हणायची.

प्लगही काढून पाहिले. वरचा जास्त पांढरट, खालचा फिका तपकिरी.

म्हणजे इंजिनावरचा फ्युएल पंप गेला का? डायफ्रामचा किट मागवू?

सुकाणू:
नाही, उलट. पंप चांगलं ओढतोय म्हणूनच फुगा चपटा झाला. पंपाचा डायफ्राम फाटला असता तर ओढ कमी झाली असती आणि फुगा आपल्या आकारात राहिला असता. हवा आत शिरत असती, म्हणजे कनेक्टरची ओ-रिंग किंवा सैल क्लॅम्प, तर फुगा मऊ पडला असता पण असा आत ओढला गेला नसता. चपटा फुगा म्हणजे अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. इंजिन मागतंय आणि मागून येत नाहीये.

तिथे आहे काय? टाकीतली ओढनळी आणि तिच्या टोकाची जाळी, टाकीचा कनेक्टर, टाकी ते फुगा ही नळी आणि फुग्याचा तिकडचा व्हॉल्व्ह. हवेचा स्क्रू तुम्ही बाद केलाच आहे. कुणाची तरी टाकी नळीसकट उसनी आणा. आधी सगळंच दुसरं लावा, मग तुमचा एकेक तुकडा परत जोडत जा.

ठिणगी:
माझा अंदाज चुकला, मान्य. पण थांबल्यावर बरं का होतं मग? जाळीत कचरा असेल तर तो कायमच असायला हवा ना?

डोलकाठी:
जाळीत तरंगता कचरा असेल तर ओढ थांबली की तो खाली बसतो, पुन्हा ओढलं की येऊन चिकटतो. पान, प्लास्टिकचा पापुद्रा, झाकणाच्या सीलचा तुकडा, काहीही. आयडलला का जाणवत नाही तेही सोपं आहे. फुल थ्रॉटलला हे इंजिन तासाला पंधरा लिटरच्या आसपास पितं, आयडलला त्याच्या मानाने घोटभर. अर्धी बुजलेली वाट घोटाला पुरते.

भरती_ओहोटी:
आज सकाळी निकाल लागला, आणि मला माझेच शब्द गिळावे लागतायत.

उसनी टाकी, उसनी नळी: ४० मिनिटं फुल थ्रॉटल, फुगा गोल, काही नाही. माझी टाकी, उसनी नळी: पुन्हा ४० मिनिटं, काही नाही. उसनी टाकी, माझी नळी: बावीस मिनिटांत घुसमट.

तीच नळी जिला मी पहिल्याच पोस्टमध्ये "ठीक आहे" म्हणालो होतो. बाहेरून अजूनही नवी दिसते. किनाऱ्यावर फुंकून पाहिली तर हवा आरपार जाते. शेवटी टाकी ते फुगा हा तुकडा ब्लेडने उभा चिरला. आतला अस्तराचा थर मधल्या हातभर भागात रबरापासून सुटलाय आणि पिशवीसारखा लोंबतोय. ओढ वाढली की तो आत येऊन वाट बंद करत असणार. नळी उन्हात डेकवर पडलेली असते, तापून मऊ झाल्यावर जास्तच. थांबलं की परत भिंतीला टेकतो. फुंकून कळणार कसं, फुंकल्यावर तो भिंतीलाच दाबला जातो!

सुकाणू:
अस्तर सुटणं हेच. आतल्या थराला इथेनॉल सोसत नसेल तर असं होतं, आणि नवी दिसणारी नळीही यातून वाचत नाही. घेताना नळीवर मरीन फ्युएलचा छापील दर्जा बघून घ्या, साधी ऑटोमोबाइलची नको. फुगाही त्याच वयाचा आहे, सोबतच बदला. बसवताना बाणाचं टोक इंजिनाकडे, आणि सुरू करण्याआधी दाबताना फुगा शक्यतो उभा धरा, बाण वर.

पांढरा प्लग दिसलाय म्हणून एकदा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. दोन्ही प्लग काढून, किल दोरी ओढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून.

भरती_ओहोटी:
वरचा ११४, खालचा ११८ पीएसआय. चालेल?

डोलकाठी:
चालेल. दोघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे, पिस्टन वाचलाय. इंजिनावरचा फिल्टर मात्र पुन्हा उघडा. त्या अस्तराचे कण पुढे गेले असणार, आणि फिल्टरमध्ये काळा चुरा दिसला तर कार्ब्युरेटरचे बाउलही (खालच्या पेट्रोलच्या वाट्या).

भरती_ओहोटी:
फिल्टरमध्ये काळा चुरा होताच, चिमूटभर. वरच्या बाउलमध्येही थोडा. साफ केलं. नवी नळी, नवा फुगा लावून काल दीड तास सलग चालवलं, ५२०० वरून काटा हलला नाही.

जुना चिरलेला तुकडा मेकॅनिकला दाखवायला ठेवलाय.

ठिणगी:
एक फोटो इथेही टाका. आज घरी जाऊन माझी नळी चिरायची की नाही ते ठरवतो.