मदत हवी आहे : मारामारी नसलेली, निवांत फँटसी सुचवा

नमस्कार मंडळी, परभणीहून विचारतेय. ट्रॅव्हिस बाल्ड्रीची २०२२ची 'लेजंड्स अँड लॅटेज' वाचली. लढाया सोडून कॉफीचं दुकान थाटणारी ती ऑर्क (फँटसीतली राक्षसासारखी जमात) बाई लई आवडली. दुकानाची मांडामांड, गिऱ्हाईक जमवणं, उंदरासारख्या आचाऱ्याचे दालचिनी रोल... मला असंच पाहिजे. टी. जे. क्लूनची 'द हाउस इन द सेरुलियन सी' पण झाली, ती जरा जास्तच गोड वाटली.

राजे, भविष्यवाण्या, पाच-पाच खंड नकोत. प्रेमकथा असली तर असू द्या, पण तोंडी लावण्यापुरती. एका पुस्तकात संपणारं, धंदा किंवा स्वयंपाक असलेलं काही आहे का? इंग्रजी सोपं हवं. अन् मराठीत मोठ्यांसाठी असं कुणी लिहिलंय का? किंडलवर असेल तर उत्तम.