डिस्पोजल अडकलंय, जळलं नाही
सिंकखालच्या डिस्पोजलमध्ये (खरकटं दळणाऱ्या यंत्रात) चमचा पडलाय आणि स्विच टाकल्यावर नुसता ‘घूंऽऽ’ आवाज येतोय म्हणता, म्हणजे मोटरला वीज मिळतेय, पण आतली फिरणारी चकती अडकलीये. कुणी सुचवलेला ड्रेन क्लीनर (तुंबलेला पाइप मोकळा करणारं रसायन) अजिबात ओतू नका. त्याने चमचा थोडाच विरघळणार! आधी ब्रेकर बंद करा. सिंकखाली डिस्पोजलच्या बुडाशी मधोमध षट्कोनी भोक असतं. बहुतेक मॉडेलांत तिथे पाव इंची अ‍ॅलन की (षट्कोनी किल्ली) बसते. ती मागेपुढे फिरवून चकती सुटी करा, अडकलेलं चिमट्याने काढा. हात घालायचा नाही म्हणजे नाही. मग बुडाचंच लाल रीसेट बटण दाबून, गार पाणी सोडून चालू करा. गरम पाण्याने तूप पातळ होतं आणि पुढे पाइपात थिजतं.

शेवग्याचा चोथा, कांद्याची सालं, आंब्याची कोय कचऱ्यातच टाका. उरलेला भातही, तो पाइपात फुगून बसतो.