मदत हवी आहे : गुडघा बरा झाला, पण पळणं किती अन् कुठं?

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतो. दिवाळीत कबड्डी खेळताना गुडघा आत वळला, आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटलं. ऑपरेशन लागलं नाही. ब्रेस, मग फिजिओचे व्यायाम. आता चार महिने झाले. सूज नाही, उकिडवं बसता येते. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू पळा." पण हळूहळू म्हणजे किती?

सध्या एक मिनिट पळतो, दोन मिनिटं चालतो, असं आठ वेळा, दिवसाआड. पळताना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची गुंडी घेऊन पायऱ्या उतरलो की आतून चमक निघते, दहा मिनिटांत जाते. एवढी चालते का, की थांबू?

दुसरं म्हणजे जागा. डांबरी रोड कडक. पांदणीत काळ्या मातीची वाळलेली ढेकळं, पाय कधी मुरगळेल भरोसा नाही. शाळेचं ग्राउंड सपाट आहे, पण लहान. सारखं वळावं लागते, अन् वळतानाच भीती वाटते.

भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर पळण्याला २० गुण, म्हणून पोट्टे म्हणतात टायमिंग लाव. मी घड्याळ घरीच ठेवतो. असा गुडघा घेऊन कोणी परत भरतीचं ग्राउंड मारलं असेल तर सांगा भाऊ, सलग पळणं कितव्या आठवड्यात सुरू केलं?