प्लास्मिड टाकून दिलं की उपासमार
कंटिन्युअस पद्धतीत, म्हणजे टाकीत ताजं माध्यम (पेशींचं द्रव अन्न) सतत घालत आणि तेवढंच बाहेर काढत वाढवलं, तर यीस्ट काही दिवसांत बाहेरून घातलेला जीन टाकून देतं आणि टाकीत काहीच न बनवणारे नुसते फुकटे उरतात, असं म्हणतात. ते खरंय. पण त्यावरचा तोडगा जुनाच आहे. नोव्हो नॉर्डिस्क ही औषध कंपनी इन्सुलिनसाठी सॅकरोमायसिस हे यीस्ट कंटिन्युअस पद्धतीनेच वाढवत आलीय. त्या यीस्टचा स्वतःचा ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेजचा (ग्लुकोज पचवायला लागणाऱ्या एका एन्झाइमचा) जीन काढून टाकलेला असतो, आणि पोम्बे या दुसऱ्या यीस्टचा तोच जीन इन्सुलिनच्या प्लास्मिडवर, म्हणजे इन्सुलिनचा जीन वाहणाऱ्या, गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, बसवलेला असतो. प्लास्मिड टाकून दिलं की ग्लुकोजवर वाढणं बंद. अशी पेशी ताज्या माध्यमाच्या रेट्यात वाहून जाते. प्लास्मिड नसलेल्या पेशी मारायला अँटिबायोटिक लागतच नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं!

पिकिया या आणखी एका यीस्टमध्ये जीन बहुधा गुणसूत्रातच घालतात, त्यामुळे ही भानगड कमी. पण एकामागोमाग अनेक प्रती जोडल्या असतील तर त्यातल्या काही गळू शकतात. आणि पिकियाला अन्न म्हणून मिथेनॉल देत असाल तर आधी उष्णता काढून घेण्याचं आणि ऑक्सिजन पुरवण्याचं बघा.