रोड शूज? नको रे बाबा

एकाने विचारलंय की फिनलंडमधलं जंगल तर सपाटच आहे, मग तिथल्या वाटांवर धावायला रोड शूज, म्हणजे डांबरी रस्त्यावर पळायचे बूट, चालतील ना. अजिबात नाही. माती पातळ, खाली खडक, त्यामुळे स्प्रूसची (सूचीपर्णी झाड) मुळं खोल जातच नाहीत, सगळी वाटेवर आडवीतिडवी पसरलेली, आणि दलदलीवर ज्या फळ्या टाकलेल्या असतात ना, त्या पावसानंतर साबण लावल्यासारख्या होतात. मी तिथल्या ओउलान्का नॅशनल पार्कात अशाच एका फळीवरून सरळ शेवाळात बसलो, गुडघ्यापर्यंत काळं पाणी, मोजा दोन दिवस वाळला नाही :)

तिथलीच ८२ किमीची कारहुनकिएरोस ही पायवाट डोक्यात असेल तर आधी यूमा गावाहून पिएनी (म्हणजे छोटा) कारहुनकिएरोस करा, १२ किमीचाच लूप आहे पण झुलते पूल, म्युल्लीकोस्कीची जुनी लाकडी गिरणी, युरावा धबधबा सगळं त्यातच येतं, आणि कल्लिओपोर्त्ती या कड्याच्या पायऱ्या दम काढतात, तिथे पेस (धावण्याचा वेग) वगैरे विसरा. जूनमध्ये रात्री अंधार पडत नाही म्हणून हेडलॅम्प नको, पण जुलैत थांबलात की डास फोडून काढतात. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी वाटेलाच लागलेली असते, तोडायला कुणाची परवानगी लागत नाही, खात थांबलो आणि माझं टायमिंग तिथेच बोंबललं.